रोख्याची पत आणि रोख्याचा भाव

गांवचा सावकार कर्ज देतांना ऋणकोच्या घराकडे पाहत असे. गोठ्यांत जनावरें किती, विहिरीला पाणी कोठवर, थोरला मुलगा कामाला लागला कीं नाहीं, मागील कर्ज मुदतींत फिटलें कीं तगाद्यानंतर, इतकें पाहून झालें म्हणजे तो व्याजाचा दर सांगे. त्याला कोणाच्या दाखल्याची जरुरी नसे. आणि अंदाज चुकला तर बुडीतहि त्याचेंच असे. आजच्या कर्जबाजारांत या दोन्ही गोष्टी राहिलेल्या नाहींत. मुंबईच्या एखाद्या कारकुनाच्या प्रॉव्हिडंट फंडांतून निघालेला रुपया शेंकडों कोसांवर रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या हातीं जातो. मधल्या विश्वस्तांनीं, दलालांनीं, व्यवस्थापकांनीं तो रस्ता पाहिलेला नसतो. त्यांनीं पाहिलेलीं असतात तीं रोख्याच्या नांवापुढील दोनतीन अक्षरें.

तिहेरी ए, दुहेरी ए, ए, तिहेरी बी, दुहेरी बी अशी या अक्षरांची उतरंड आहे. तिच्या तळाशीं डी हें अक्षर असतें; डी म्हणजे कर्ज थकलें. मधल्या पायऱ्यांना अधिक आणि उणें अशा पोटपायऱ्याहि जोडतात. तिहेरी बी उणें या पोटपायरीपर्यंतचे रोखे ‘गुंतवणुकीस योग्य’ समजावयाचे आणि त्याखालचे ‘सट्टेवजा’, अशी जगभरची रूढी आहे. अमेरिकेंतील दलाल या खालच्या रोख्यांना सरळ ‘जंक’ म्हणजे भंगार म्हणतात. अक्षरें देण्याचें काम ज्या संस्था करतात त्यांस पतमानांकन संस्था हें नांव आहे.

आतां प्रश्न असा कीं, हीं अक्षरें रोख्याची पत नुसती दाखवितात, कीं त्याचा भाव ठरवितातहि? दोहोंत मोठें अंतर आहे. मॅट्रिकच्या परीक्षेंत गणितांत पस्तीस गुणांचा मुलगा आणि चौतीस गुणांचा मुलगा यांच्या गणितज्ञानांत कांहींच फरक नसतो, हें कोणताहि शिक्षक सांगेल. पण कचेरीच्या जाहिरातींत ‘मॅट्रिक पास पाहिजे’ असें छापलें कीं एकाला नोकरी मिळते आणि दुसरा घरीं बसतो. हा फरक मुलांत नाहीं, परीक्षकांतहि नाहीं. तो जाहिरातींतल्या नियमांत आहे. कर्जरोख्यांच्या बाजारांत असे नियम पुष्कळ आहेत आणि त्यांची किंमत रुपया-आणे-पैशांत मोजतां येते.

मोजणी समजण्यासाठीं थोडें गणित करावें लागेल. शंभर रुपये दर्शनी किंमतीचा, दहा वर्षें मुदतीचा, दरसाल सात रुपये व्याज देणारा रोखा घ्या. कंपनीनें द्यावयाचें व्याज कागदावर छापलेलें आहे. तें बदलत नाहीं. बाजारांतील लोक सात टक्क्यांवर संतुष्ट असतील तर रोखा शंभरालाच विकला जाईल. उद्यां त्यांच्या मनांत शंका आली आणि ते आठ टक्के मागूं लागले, तर छापील सात रुपये वाढूं शकत नाहींत, म्हणून भाव उतरतो. तो सुमारें ९३ रुपये २९ पैशांवर येऊन ठरतो. मागणी वाढली कीं भाव पडावा ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास उलटी वाटते, पण मागणी येथें रोख्याची नसून व्याजाची आहे, हें ध्यानीं घेतलें म्हणजे कोडें सुटतें. सरकारी रोख्यावर मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षां कंपनीच्या रोख्यावर जें जादा उत्पन्न लोक मागतात, त्यांतच कंपनीच्या पतीचा सर्व हिशेब येतो. कर्ज बुडण्याचा संभव किती, बुडालें तर हातीं काय लागेल, आणि मध्येंच विकावयाचें झालें तर गिऱ्हाईक मिळेल काय, या तीन गोष्टी त्यांत मिसळलेल्या असतात. नियमाचा परिणाम मुख्यतः तिसऱ्या गोष्टीवर होतो.

या अक्षरांचा जनक जॉन मूडी हा अमेरिकन गृहस्थ. त्याच्याहि आधीं, १८६० सालीं, हेन्री पूर यानें अमेरिकेंतील रेल्वे आणि कालवे यांची जंत्री प्रसिद्ध केली होती. परंतु तिच्यांत माहिती होती, निवाडा नव्हता. मूडीनें १९०० सालीं कंपन्यांची माहितीपुस्तिका काढली. १९०७ च्या अर्थसंकटांत त्याचा धंदा हातचा गेला. दोन वर्षांनीं तो परतला तो नव्या कल्पनेसह: रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना त्यानें अक्षरें देऊन टाकलीं. वाचकाला ताळेबंद वाचण्याचा त्रास नको. अक्षर पाहावें आणि काय तें समजावें. कल्पना इतकी सोयीची ठरली कीं १९१६ सालीं पूर यांची कंपनी, १९२२ सालीं स्टँडर्ड स्टॅटिस्टिक्स आणि १९२४ सालीं फिच असे एकामागून एक तिच्यामागें आले. त्यांपैकीं पूर आणि स्टँडर्ड या १९४१ सालीं एक झाल्या. त्या काळीं पुस्तिकेचे पैसे वाचक देई. १९७० च्या सुमारास ही रीत उलटली आणि ज्या कंपनीला अक्षर हवें तीच फी देऊं लागली. परीक्षार्थ्यानें परीक्षकाला वेतन द्यावें, असाच हा प्रकार आहे. त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, परंतु प्रस्तुत विषय नियमांचा असल्यामुळें तो वाद येथें वाढविण्याचें कारण नाहीं.

पहिलीं वीसबावीस वर्षें मूडीचें अक्षर हें एका जाणत्या माणसाचें मत होतें. तें मानावें अगर न मानावें. १९३१ सालीं हें बदललें. मंदीच्या तडाख्यांत रोख्यांचे भाव कोसळले होते आणि बँकांनीं ते बाजारभावानें वहींत लिहिले असते, तर कित्येकींचें भांडवल कागदावरच नाहींसें झालें असतें. तेव्हां अमेरिकेच्या राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘कंप्ट्रोलर ऑफ द करन्सी’ या अधिकाऱ्यानें ठरविलें कीं, तिहेरी बी आणि त्याहून वरचे रोखे बँकांनीं मूळ किंमतीनें दाखवावे. त्याखालच्यांचा मात्र बाजारभाव धरावा. अक्षराला प्रथमच सरकारी कामांत जागा मिळाली. १९३६ सालीं पुढचें पाऊल पडलें: मान्यताप्राप्त पुस्तिकांत सट्टेवजा ठरलेले रोखे बँकांनीं घेऊंच नयेत, असा दंडक झाला. एका खाजगी पुस्तकविक्रेत्याचें मत एका रात्रींत कायद्याची भिंत बनलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

भिंतीमुळें भाव बदलला काय, हें शोधणें सोपें नाहीं. खालच्या अक्षराचा रोखा स्वस्त असतो हें खरें. पण तो मुळांतच कच्च्या कंपनीचा असल्यामुळें स्वस्त आहे, कीं बँकांना मनाई झाल्यामुळें? हें वेगळें करण्याची युक्ति रिचर्ड वेस्ट या अभ्यासकानें १९७३ सालीं योजिली. त्याच्या आधीं १९५९ सालीं लॉरेन्स फिशर यानें रोख्यांवरील जादा उत्पन्नाचा उलगडा अक्षरांचें नांवहि न घेतां केला होता. कंपनीची मिळकत किती स्थिर, किती वर्षें तिनें धनकोंचे पैसे बिनचूक दिले, कर्जाच्या मानानें भागभांडवलाची किंमत किती, आणि तिचे रोखे बाजारांत किती प्रमाणांत आहेत, एवढ्या चार गोष्टींवरून त्याचा हिशेब बराच जुळे. वेस्टनें त्या हिशेबांत न जुळलेला शेष तपासला. १९३६ पूर्वींच्या वर्षांत त्या शेषाचा अक्षरांशीं संबंध दिसेना. १९३६ नंतरच्या वर्षांत मात्र भिंतीखालच्या रोख्यांवर हिशेबापेक्षां अधिक उत्पन्न मिळत असल्याचें आढळलें. म्हणजेच ते असावे त्याहून स्वस्त विकले जात होते. कंपन्या त्याच जातीच्या, मिळकतीचे आंकडे तसेच. फक्त बँका हें मोठें गिऱ्हाईक दुकानांतून निघून गेलें होतें.

पुढील चाळीस वर्षांत भिंतींची संख्या वाढत गेली. १९७५ सालीं अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननें दलालांच्या पेढ्यांनीं किती भांडवल राखावें याचा नियम केला. चांगल्या अक्षराच्या रोख्यांमागें कमी भांडवल, वाईट अक्षरामागें अधिक. पण कोणाचें अक्षर? उद्यां कोणीहि उठून दुकान थाटील आणि वाटेल त्याला तिहेरी ए वांटील. म्हणून कमिशननें ‘राष्ट्रीय मान्यतेच्या’ संस्था असा वर्ग निर्माण केला आणि त्यांत मूडीज, स्टँडर्ड अँड पूअर्स आणि फिच यांना बसविलें. अक्षर देण्याचा हक्क कोणालाहि होता. तें अक्षर सरकारदरबारीं चालण्याचा हक्क मात्र मोजक्यांनाच.

या भेदामुळेंच पुढें एक फार स्वच्छ प्रयोग घडून आला. टोरोंटो येथें १९७६ पासून डोमिनियन बाँड रेटिंग सर्व्हिस नांवाची कॅनेडियन संस्था अक्षरें देण्याचें काम करीत होती. अमेरिकेंतील कित्येक कंपन्यांनाहि तिनें अक्षरें दिलेलीं होतीं आणि तीं सर्वांना वाचावयास मोकळीं होतीं. फेब्रुवारी २००३ मध्यें कमिशननें या संस्थेला मान्यता दिली. त्या दिवशीं कंपन्यांच्या गिरण्यांत, खात्यांत, कर्जांत तिळमात्र बदल झाला नाहीं. कॅनेडियन संस्थेचें मतहि तेंच राहिलें. बदललें तें एवढेंच कीं, कालपर्यंत जें मत होतें तें आज नियमांत मोजलें जाऊं लागलें. डॅरेन किस्गेन आणि फिलिप स्ट्रॅहन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं हा बदल तपासून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या कंपनीला या संस्थेनें इतरांपेक्षां एक पोटपायरी वरचें अक्षर दिलेलें होतें, तिच्या कर्जाचा खर्च शेंकडा ०.३९ नें उतरला होता. आणि गुंतवणूकयोग्य व सट्टेवजा यांमधील सीमेजवळ हा परिणाम अधिक ठळक होता.

०.३९ हा आंकडा ऐकण्यास किरकोळ आहे. पण शंभर कोटींच्या कर्जावर तो दरसाल एकोणचाळीस लाखांचा होतो. वरच्या उदाहरणांतील दहा वर्षांच्या रोख्यावर तो मांडला तर शंभराच्या भावांत सुमारें पावणेतीन रुपयांचा फरक पडतो. एवढी रक्कम केवळ एका मान्यतापत्रानें इकडची तिकडे झाली. नवी माहिती मिळाल्यामुळें भाव बदलला असें येथें म्हणतांच येत नाहीं, कारण माहिती जुनीच होती.

विमा कंपन्यांची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण कंपनी-रोख्यांचे सर्वांत मोठे ग्राहक त्याच. अमेरिकेंत विमा नियामकांच्या राष्ट्रीय संघटनेनें रोख्यांचे सहा वर्ग पाडले होते. २०२१ पूर्वीं चालू असलेल्या कोष्टकाप्रमाणें आयुर्विमा कंपनीला तिहेरी बीच्या शंभर डॉलरच्या रोख्यामागें १.३ डॉलर भांडवल धरावें लागे. रोखा दुहेरी बीवर घसरला कीं तीच रक्कम ४.६ डॉलर होई. म्हणजे एका पायरीनें बोजा साडेतीनपट. ज्या विमा कंपनीजवळ भांडवल मुबलक आहे ती रोखा धरून ठेवते. जिची ओढाताण चालली आहे तिला विकण्यावांचून गत्यंतर नसतें. आणि अशा सर्वच कंपन्या त्याच आठवड्यांत विकावयास निघाल्या तर घेणारा कोण? २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, भांडवलाची चणचण असलेल्या विमा कंपन्यांच्या हातीं जे रोखे अधिक होते, त्यांचे भाव घसरणीनंतर वाजवीपेक्षां खालीं गेले आणि कांहीं काळानें परत चढले. बुडण्याच्या भीतीनें पडलेला भाव असा आपोआप परतत नाहीं. हा भाव गरजूच्या विक्रीचा होता. घरांतील दागिना शनिवारीं संध्याकाळीं सराफाच्या दुकानीं नेणाऱ्या माणसाला जो भाव मिळतो, त्याच जातीचा.

या सर्व गोष्टींचें एकत्र दर्शन २००५ सालीं घडलें. जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकेच्या दोन प्रचंड मोटार-कंपन्या. दोघींचें मिळून कर्ज चारशें अब्ज डॉलरहून अधिक. जपानी मोटारींची चढाओढ आणि निवृत्त कामगारांच्या पेन्शन-औषधोपचारांचा भार यांनीं दोघीहि वांकल्या होत्या. जनरल मोटर्सनें १६ मार्च २००५ रोजीं नुकसानीची पूर्वसूचना दिली, तेव्हांच तिचे रोखे घसरूं लागले. पुढील दृश्य मोठें गमतीचें आहे. ४ मे रोजीं कर्क केर्कोरियन या अब्जाधीशानें तिचे २ कोटि ८० लक्ष शेअर प्रत्येकीं ३१ डॉलरनें विकत घेण्याची तयारी जाहीर केली. आणि दुसऱ्याच दिवशीं, ५ मे रोजीं, स्टँडर्ड अँड पूअर्सनें जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींना गुंतवणूकयोग्य वर्गांतून खालीं उतरविलें. एका धनवानाला जी कंपनी विकत घ्यावीशी वाटली, तिचेंच कर्ज चोवीस तासांत भंगार ठरलें.

येथें सरकारी नियमाखेरीज आणखी एक नियम होता आणि तो खाजगी होता. मोठमोठे फंड आपली कामगिरी रोखे-निर्देशांकांशीं ताडून पाहतात, आणि निर्देशांकाच्या यादींत जो रोखा नाहीं तो ते सहसा बाळगीत नाहींत. लेहमन ब्रदर्स या पेढीच्या प्रसिद्ध निर्देशांकांत रोखा गुंतवणूकयोग्य आहे कीं नाहीं, हें मूडीज व स्टँडर्ड अँड पूअर्स यांच्या दोन अक्षरांपैकीं जें खालचें असेल त्यावरून ठरत असे. २४ जानेवारी २००५ रोजीं लेहमननें जाहीर केलें कीं, १ जुलैपासून फिचचेंहि अक्षर धरलें जाईल आणि तिघांपैकीं मधलें अक्षर प्रमाण मानलें जाईल. जुना नियम राहता तर मे महिन्यांतील एकाच संस्थेचा फटका जनरल मोटर्सला यादीबाहेर काढण्यास पुरेसा होता. नव्या नियमानें एका संस्थेचें प्रतिकूल मत पुरेनासें झालें. म्हणून सर्वांचे डोळे दुसऱ्या मताकडे लागले. २४ मे रोजीं फिचनेंहि जनरल मोटर्सला सीमेखालीं ढकललें, तेव्हां तिचें यादींतून जाणें निश्चित झालें.

पण खरा बोध जनरल मोटर्सपेक्षां इतर, लहानसहान रोख्यांपासून मिळतो. कांहीं रोखे असे होते कीं ज्यांना दोघांपैकीं एका संस्थेनें भिंतीखालीं ठेवलें होतें, परंतु फिचचें मत अनुकूल होतें. जुन्या नियमानें ते भंगारांत. नव्या नियमानें, कोणाचेंहि मत न बदलतां, गुंतवणूकयोग्य. या नियमबदलाचा पुढें चौघा अभ्यासकांनीं तपास केला, तेव्हां असें आढळलें कीं, असल्या रोख्यांचे भाव नुसत्या घोषणेनेंच वर सरकले. लेहमन ही कांहीं सरकार नव्हे. तिचा नियम मोडल्यास कोणाला दंड होणार नव्हता. तरीहि भाव हलला, कारण व्यवस्थापकांनीं तो नियम स्वतःच्या करारपत्रांत लिहून घेतला होता. (हीच पेढी सप्टेंबर २००८ मध्यें दिवाळ्यांत निघाली, तेव्हां तिचें स्वतःचें अक्षर दिवाळ्याच्या दिवसापर्यंत गुंतवणूकयोग्य होतें.)

२००८ च्या त्या संकटांत तिहेरी ए अक्षराचे गहाणखतांवरील रोखे मातीमोल झाले आणि अमेरिकन कायदेमंडळानें नियमांतून अक्षरें हांकलून देण्याचें ठरविलें. २१ जुलै २०१० रोजीं संमत झालेल्या डॉड-फ्रँक कायद्यानें सरकारी खात्यांना आपापल्या नियमांतील असले उल्लेख काढून टाकण्यास भाग पाडलें. १९३१ सालीं उभारलेली भिंत अशा रीतीनें पाडण्यांत आली. तथापि निर्देशांकांच्या याद्या आणि फंडांचीं करारपत्रें यांत तीच अक्षरें राहिलीं, कारण त्यांवर कायद्याची सत्ता नव्हती. आणि नियमकर्त्यांना सरसकट दोष देणेंहि न्याय्य होणार नाहीं. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्या विश्वस्ताला कांहींतरी मर्यादा पाहिजेच. एखाद्या कारखान्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचे विश्वस्त म्हणजे बहुधा हिशेबखात्यांतील एक अधिकारी आणि कामगार संघाचा एक चिटणीस. त्यांनीं वीजकंपनीचा ताळेबंद फोडून पाहावा ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

हिंदुस्थानांत या प्रकरणाचा आरंभ मुंबईस झाला. १९८७ सालीं स्थापन झालेली क्रिसिल ही येथील पहिली पतमानांकन संस्था. १९९१ सालीं इक्रा आणि १९९३ सालीं केअर या तिच्या पाठोपाठ आल्या. १९९९ सालीं सेबीनें या धंद्याचे नियम केले. अमेरिकेंत भिंत तिहेरी बीखालीं होती. येथें ती पुष्कळ वर उभारली गेली. खाजगी प्रॉव्हिडंट फंडांसाठीं २०१५ सालीं घालून दिलेल्या पद्धतींत कंपनीचा रोखा घ्यावयाचा तर दोन संस्थांचें किमान दुहेरी ए अक्षर आवश्यक ठरविलें होतें. बँकांच्या मोठ्या कर्जांवर रिझर्व्ह बँकेनें जें कोष्टक लावलें, त्यांत तिहेरी ए कंपनीच्या शंभर रुपयांची जोखीम वीस रुपये, दुहेरी एची तीस, एची पन्नास आणि तिहेरी बीची पूर्ण शंभर रुपये धरली. परिणामीं येथील रोखेबाजार म्हणजे वरच्या दोन पायऱ्यांचा बाजार बनला. नुसत्या ए अक्षराची मध्यम कंपनी, कर्ज नियमानें फेडणारी असली तरी, या बाजारांत क्वचितच येते. तिला बँकेच्या दारांत उभें राहावें लागतें.

हें अडचणीचें आहे, हें सरकारलाहि कळत होतें. १ फेब्रुवारी २०१८ च्या अंदाजपत्रकी भाषणांत अर्थमंत्री अरुण जेटली यांनीं, दुहेरी ए सोडून ए अक्षरापर्यंत खालीं येण्याची वेळ आली आहे, असें सांगितलें. सूचना विचारपूर्वक केलेली होती. पण त्याच वर्षीं निराळेंच घडलें. इन्फ्रास्ट्रक्चर लीझिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस ही मुंबईची नामांकित संस्था. आयुर्विमा महामंडळ तिचा सर्वांत मोठा भागधारक. तिच्या परिवाराचें कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर. २०१८ च्या उन्हाळ्यांत तिचें अक्षर तिहेरी ए होतें. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत तें डी झालें. मधल्या सर्व पायऱ्या तिनें थोड्याच आठवड्यांत ओलांडल्या. १ ऑक्टोबरला सरकारनें संचालक मंडळ बाजूला सारून नवें मंडळ नेमलें.

प्रॉव्हिडंट फंडांच्या विश्वस्तांनीं या व्यवहारांत कोणताहि नियम मोडलेला नव्हता. नियमांत दुहेरी ए पुरेसें असतां त्यांनीं तिहेरी ए घेतलें होतें. नियमांत असेंहि आहे कीं, अक्षर ठराविक पायरीच्या खालीं गेलें तर बाहेर पडण्याचा विचार करावा. पण ज्या दिवशीं तो विचार करावयाचा त्या दिवशीं त्याच नियमाखालीं चालणारे सर्वच विश्वस्त विकावयास उभे. घेणारा त्याच नियमानें बांधलेला. अशा वेळीं रोख्याला भाव नसतो, नुसता आंकडा असतो. २०१९ सालीं असे कित्येक फंड आपल्या सभासदांच्या पैशासाठीं कंपनी-कायदा अपिलीय न्यायाधिकरणापुढें गेले. एक दिलासा एवढाच कीं, सूट मिळालेल्या खाजगी फंडांत तूट आली तर ती मालकानें भरून द्यावी, अशी अट आहे.

म्युच्युअल फंडांच्या बाबतींत भिंतीची जागा आणखी बारीक आहे. ६ ऑक्टोबर २०१७ रोजीं सेबीनें कर्ज-योजनांचे वर्ग पाडले. ‘कॉर्पोरेट बाँड फंड’ म्हणविणाऱ्या योजनेनें किमान शेंकडा ऐंशीं रक्कम दुहेरी ए अधिक किंवा त्याहून वरच्या रोख्यांत ठेवावी. ‘क्रेडिट रिस्क फंड’ म्हणविणारीनें किमान शेंकडा पासष्ट रक्कम दुहेरी ए आणि त्याखालीं ठेवावी. म्हणजे ‘अधिक’ हें एक चिन्ह गळून पडलें कीं तोच रोखा एका वर्गाच्या कोट्यांतून दुसऱ्या वर्गाच्या कोट्यांत जातो. दोन्ही वर्गांचे ग्राहक सारखेच भरपूर असतील तोंवर यांत बिघडत नाहीं. मार्च २०२० मध्यें साथीच्या भयानें लोकांनीं पैसे काढावयास आरंभ केला, तेव्हां दुसऱ्या वर्गाचा ग्राहक जवळजवळ नाहींसाच झाला. २३ एप्रिल रोजीं फ्रँकलिन टेंपलटननें दुहेरी ए आणि ए रोख्यांचा मोठा भरणा असलेल्या सहा योजना बंद केल्या. सुमारें पंचवीस हजार कोटि रुपये अडकले आणि हजारों कुटुंबांचा त्या उन्हाळ्याचा खर्चाचा मेळ बिघडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. रोखे सावकाशीनें, मुदत भरतां भरतां आणि गिऱ्हाईक येईल तसतसे मोकळे करण्यांत आले. पुढील कांहीं वर्षांत गुंतवणूकदारांना एकंदर जी रक्कम परत मिळाली, ती योजना बंद करतेवेळच्या त्यांच्या मूल्याहून अधिक भरली. त्या वसंतांत तसलेच रोखे ज्यांना नियमापोटीं अगर गरजेपोटीं मिळेल त्या भावानें विकावे लागले, त्यांची तूट कोणींच भरून दिली नाहीं. ती ज्यांनीं ते रोखे विकत घेतले त्यांच्या पदरांत नफा म्हणून पडली.